खोलगट साचा फुगीर का दिसतो? आकार डोळ्यांना कळतो तरी कशावरून?

मातीकाम
नमस्कार मंडळी. मी माती आणि प्लास्टरमध्ये शिल्पं करते. गेल्या आठवड्यात एका चेहऱ्याचा साचा काढला. मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टर चढवलं, ते घट्ट झाल्यावर आतली माती खरवडून काढली, उरली ती नुसती पोकळी. नाक आत, गाल आत, कपाळ आत. साचा भिंतीला टेकवून हात धुवायला गेले. परत आले तर दारातूनच दिसलं, की भिंतीपाशी एक भरलेला चेहरा माझ्याकडे बघतोय. मी डावीकडे सरकले, तो डावीकडे वळला. उजवीकडे गेले, तर उजवीकडे. पुढे पुढे जात राहिले आणि साधारण दोन हातांवर आल्यावर एकदम आत गेला, पोकळी दिसायला लागली. एक डोळा झाकला, तर परत बाहेर!

ही पोकळी मी माझ्या बोटांनी साफ केलेली आहे. तिच्यात नाकाची जागा किती खोल आहे ते बोटांना पाठ आहे. तरी डोळा ऐकत नाही.

तर प्रश्न असा, की एखादा पृष्ठभाग फुगीर आहे की खोल, आणि किती, हे डोळ्यांना कशावरून कळतं? आणि त्याला जोडून माझ्या कामाचा दुसरा प्रश्न. उठावशिल्पात मी अख्खा चेहरा 2 सेंटिमीटर जाडीत बसवते. समोरून तो पूर्ण वाटतो. 2 सेंटिमीटरमध्ये डोक्याची खोली मावते कशी?

अवकाशवेडा
हा अनुभव मला चंद्राच्या फोटोंनी दिला. विवरांचा जवळून काढलेला फोटो मोबाइलवर उघडा. कधी खड्डे दिसतात, कधी चक्क फोड आल्यासारखे उंचवटे. उंचवटे दिसले तर मोबाइल उलटा धरा, सगळ्यांचे खड्डे होतात. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नसतो.

कारण उजेडाची दिशा. आपण न सांगता धरून चालतो की उजेड वरून येतोय. वरची कड उजळ आणि खालची काळी असेल तर उंचवटा, उलट असेल तर खड्डा.

उपग्रहाच्या फोटोंतही हेच होतं. उत्तर गोलार्धात ऊन बहुतेक दक्षिणेकडून येतं आणि नकाशात दक्षिण खाली असते, म्हणजे फोटोत उजेड खालून. मग नदीची दरी डोंगराच्या सोंडेसारखी दिसते. म्हणून डोंगरांच्या छटा दाखवणारे नकाशे करताना उजेड मुद्दाम वायव्येकडून, 315 अंशांवरून आल्याचं दाखवतात. तिकडून ऊन सहसा येत नसलं तरी!

पुस्तकी_किडा
वाचनखूण साठवली. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

तर्कटी
उजेडाचं ठीक आहे, पण मूळ उत्तर सोपं आहे. आपल्याला दोन डोळे आहेत, दोघांना थोडं वेगळं चित्र दिसतं, त्यावरून खोली कळते. व्हीटस्टननं 1838 मध्ये स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं उपकरण, दाखवून हे सिद्ध केलं. 1960 मध्ये युलेशनं नुसत्या विस्कळीत ठिपक्यांच्या जोड्या दाखवल्या. एकेका डोळ्यानं पाहिलं तर ठिपक्यांचा गोंधळ, दोन्हींनी पाहिलं तर त्यातून एक चौकोन वर तरंगतो. सावली नाही, ओळखीची वस्तू नाही, काही नाही. फोटो सपाट असतो म्हणून तिथे गोंधळ उडतो. खऱ्या वस्तूला हा प्रश्न येत नाही.

राजहंस
तर्कटी, मला लहानपणापासून एकाच डोळ्यानं नीट दिसतं. दुसरा आळशी डोळा. उपचार उशिरा झाले, त्यामुळे दोन डोळ्यांची खोली मला कधी मिळालीच नाही. युलेशचे ते ठिपके माझ्यासाठी ठिपकेच राहतात.

पण माझं जग सपाट नाही. चुरगळलेला कागद मला चुरगळलेला दिसतो. चादरीची घडी, पायरीची कड, माणसाच्या गालाचा गोलवा, सगळं दिसतं. अडतं कुठे, तर सुईत दोरा ओवताना, किंवा हवेत येणारा चेंडू झेलताना. कागद समजत नसेल तर मी डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवतो. लहानपणी मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप आलं. शाळेत "मान का हलवतोस" म्हणून ओरडा खायचो.

मातीकाम ताई, तुमच्या साच्यासमोर मी उभा राहिलो तर तो मला कदाचित अगदी जवळ येईपर्यंत फुगीरच दिसेल.

पिक्सेल
राजहंस, तुमच्या मान हलवण्यावर 1953 मध्येच प्रयोग झाला आहे. वॉलाक आणि ओकॉनेल यांनी वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडली. तार स्थिर असताना लोकांना पडद्यावर नुसती सपाट वेडीवाकडी रेघ दिसायची. तार फिरवायला लागलं की त्याच सपाट सावलीतून घन तार उभी राहायची. एका डोळ्यानंसुद्धा. फक्त पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे अधूनमधून उलटायचं.

तुमच्या मेंदूनं दुसऱ्या डोळ्याचं काम मानेकडून करून घेतलं. एकाच वेळी दोन ठिकाणांहून बघण्याऐवजी एकामागून एक.

गणिती
तर्कटी यांच्या मुद्द्यावर जरा आकडेमोड करू, कारण साच्याचं कोडं तिथेच आहे.

दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण 6.3 सेंटिमीटर. चांगली नजर असलेल्या माणसाला दोन्ही प्रतिमांतला सुमारे 10 कोनीय सेकंदांचा फरक कळतो. (एका अंशाचे 3600 सेकंद, त्यातले 10.) यावरून 1 मीटरवर सुमारे पाऊण मिलिमीटरचा उंच-सखलपणा कळायला हवा. अंतर दुप्पट झालं की ही मर्यादा चौपट होते. 10 मीटरवर ती होते जवळजवळ 8 सेंटिमीटर, आणि 100 मीटरवर 8 मीटर. दूरच्या डोंगराचा आकार दोन डोळ्यांनी कळत नाही, तो दुसऱ्याच कशानं तरी कळतो.

आता ताईंचा साचा. 2 मीटरवर मर्यादा येते 3 मिलिमीटर. साच्यातल्या नाकाची खोली त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणजे दारातून पाहताना दोन्ही डोळे "हे खोल आहे" असं स्पष्ट सांगत होते! माहिती कमी पडली नाही. माहिती आली आणि ती बाजूला सारली गेली.

मातीकाम
गणिती, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे डोळा खरं सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही?

गणिती
होय. चेहरा फुगीर असतो ही आपली आयुष्यभराची सवय दोन डोळ्यांच्या साक्षीपेक्षा भारी पडली. साचा उलटा, हनुवटी वर करून ठेवा. भास बराच कमी होतो, कारण उलटा चेहरा आपल्याला "चेहरा" म्हणून तितका पटकन कळत नाही. आणि तो तुमच्याकडे वळत होता, तेही याचंच पुढचं पाऊल. तुम्ही सरकलात तेव्हा नाक आणि कान यांच्या जागा एकमेकांच्या तुलनेत बदलल्या, पण खऱ्या चेहऱ्यात बदलतात त्याच्या उलट दिशेनं. नाक बाहेर आहे असं एकदा धरलं, की त्या उलट हालचालीचा एकच अर्थ उरतो, चेहरा वळतोय.

दृष्टीदोष_तपासनीस
मी डोळे तपासण्याच्या व्यवसायात आहे. एक भर घालते. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांना हा साचा आपल्यापेक्षा अधिक सहज खोल दिसतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. भास न होणं म्हणजे नजर जास्त चांगली असणं, असा याचा अर्थ लावू नका. पूर्वानुभव आणि समोर दिसणारं यांचा तोल त्यांच्यात वेगळा लागतो, एवढंच.

आणि राजहंस, आळशी डोळ्यावरचे उपचार लहान वयात सुरू केले तर फायदा जास्त होतो. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी तपासणी लांबवू नये. मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण त्याला दुसऱ्या डोळ्याचं जग माहीतच नसतं.

राजहंस
अगदी हेच. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं.

तर्कटी
गणितींचं गणित मान्य. पण "मेंदू अंदाज करतो", "मेंदू फसतो" ही भाषा मला अजून पटत नाही. मानसशास्त्रज्ञ गिब्सननं 1950 मध्येच दाखवलं होतं की जमिनीवरच्या खडीकडे पाहा, पायाशी खडे मोठे आणि विरळ, लांब जाताना बारीक आणि दाट. हा पोताचा उतार उजेडातच आहे, तो अंदाज नाही. माणूस चालतो, मान वळवतो, वस्तू हातात घेऊन फिरवतो. एका जागी खिळून, एक डोळा झाकून पाहिलं तर फसणारच! रोजच्या व्यवहारात आपण फसत नाही, ही खरी आश्चर्याची गोष्ट आहे. धागा तिच्यावर हवा.

पिक्सेल
तर्कटी, तुमचा शेवटचा मुद्दा मला मनापासून आवडला. फक्त मातीकाम ताई चालत होत्या आणि दोन्ही डोळे उघडे होते, तरी साचा फुगीरच राहिला. तेव्हा हालचाल आली की सगळे प्रश्न सुटतात असंही नाही.

रानवाटा
वरून उजेड येतो हे आपण शिकतो की जन्मजात असतं? यावर कोंबडीच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला होता, 1970 मध्ये, हर्शबर्गर यांचा. पिल्लांना अशा पिंजऱ्यात वाढवलं जिथे उजेड फक्त खालून यायचा. तरी फुगीर-खोलचा फोटो दाखवल्यावर त्यांनी उजेड वरून येतोय असं धरूनच निवड केली. म्हणजे निदान पिल्लांत तरी हे अनुभवाच्या आधीपासून आहे.

आणि प्राण्यांच्या अंगावरचा रंग पाहा. हरणाची पाठ गडद, पोट फिकट. वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि दोन्ही मिळून छटा सपाट होते. गोलवा दाखवणारी सावलीच पुसली जाते. थेअर नावाच्या चित्रकारानं 1896 मध्ये हे मांडलं. चित्रकारालाच सुचणार ते, कारण कागदावर गोलवा आणण्यासाठी तो जी छटा देतो, तीच हरणानं खोडून टाकली आहे.

मातीकाम
रानवाटा, काय सुंदर! हरणाकडे आता वेगळ्या नजरेनं बघेन.

पण मग आम्ही हातानं काम करणारे लोक? आमच्या हातांमुळे डोळ्यात काही फरक पडतो का?

रानवाटा
पडतो. 2004 चा अ‍ॅडम्स, ग्राफ आणि अर्न्स्ट यांचा अभ्यास आहे. लोकांना छटा असलेली चित्रं दाखवून सोबत स्पर्शानं आकार जाणवेल अशी सोय केली, आणि त्या आकारांतून उजेडाची दिशा नेहमीपेक्षा थोडी कललेली आहे असं निघत होतं. थोड्या सरावानं त्यांच्या नजरेनं धरलेली उजेडाची दिशा त्या बाजूला सरकली. जन्मजात असलं तरी दगडावरची रेघ नाही. हात डोळ्याला शिकवतात.

अवकाशवेडा
अवांतर: वर-खाली म्हणजे जमिनीच्या हिशेबानं की डोक्याच्या? रामचंद्रन यांनी 1988 मध्ये याबद्दल लिहिलं होतं. करून बघा. छटा दिलेल्या वर्तुळांचं चित्र भिंतीवर लावा, पाठमोरे उभे राहून वाका आणि दोन पायांमधून बघा. खड्डे आणि उंचवटे अदलाबदल होतात. सूर्य जागचा हलला नाही, तरी "वर" बदललं. म्हणजे मुख्यतः डोक्याच्या हिशेबानं!

पुस्तकी_किडा
केलं. घरातले सगळे बघत होते. खरंच उलटतं!

डेंटिंगवाला
मी गाड्यांच्या पत्र्याचं काम करतो. पुस्तकातलं काही माहीत नाही, पण दरवाजावरचा खळगा सावलीनं दिसत नाही हे नक्की सांगतो. रंगवलेल्या पत्र्यावर अर्ध्या मिलिमीटरचा खळगा असेल तर सरळ बघून काही कळत नाही. आम्ही लांब ट्यूबलाइट लावतो आणि पत्र्यात तिचं प्रतिबिंब बघतो. पत्रा चांगला असेल तर रेघ सरळ जाते. खळगा आला की रेघ तिथे वाकते, चिमटते, कधी गोळा होऊन एक डोळा तयार होतो. मग डोकं हलवायचं. रेघ पत्र्यावरून पळते, आणि जिथे अडखळते तिथे हात लावायचा. मागून हळूहळू दाबत जायचं, रेघ सरळ होईपर्यंत. नव्या पोरांना मी आधी सहा महिने रेघ बघायलाच शिकवतो.

पिक्सेल
डेंटिंगवाले दादा, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद तुमचा आहे. शास्त्रातही हेच आहे. चकाकी पृष्ठभागावर चिकटलेली नसते. जिथे पृष्ठभाग जोरात वळतो तिथे ती आक्रसते आणि रेंगाळते, जिथे तो सपाटीकडे झुकतो तिथे लांब ओढली जाते आणि झपकन पळते. ब्लेक आणि ब्युल्टहॉफ यांनी 1990 मध्ये दाखवलं, की दोन डोळ्यांनी पाहताना फुगीर पृष्ठभागावरची चकाकी त्याच्या किंचित मागे असते आणि खोलगट पृष्ठभागाची बहुधा पुढे, आणि आपल्या नजरेला हा नियम ठाऊक असल्यासारखी ती वागते. चमच्याची पाठ आणि पोट आळीपाळीनं बघा.

मातीकाम
दादा, आम्ही ओल्या मातीवर हेच करतो! हात फिरवायच्या आधी पाण्याचा बोळा फिरवायचा, मग जी चमक येते तिच्यात गालावरचा चुकीचा उंचवटा लगेच दिसतो. माती वाळून मंद झाली की तोच उंचवटा लपतो. कारण आज कळलं.

रेषाकार
मी रेखाचित्रं काढते. छटा नाही, चकाकी नाही, नुसती बाह्यरेषा. तरी आकार दिसतो. मातीच्या मडक्याची बाह्यरेषा काढा. पोटाशी रेषा बाहेर फुगते, मानेशी आत वळते. कुंडरिंक यांनी 1984 मध्ये याचा नेमका नियम सांगितला. रेषा बाहेर फुगली तर तिथला पृष्ठभाग सगळीकडून फुगीर. आत वळली तर तिथे खोगीर, म्हणजे एका दिशेनं आत आणि दुसऱ्या दिशेनं बाहेर. वाटीसारखा खळगा मात्र स्वतः कधीच बाह्यरेषा होऊ शकत नाही, कारण त्याला त्याच्याच काठानं झाकलेलं असतं. हे कळल्यापासून माझी मनगटाची आणि गुडघ्याची रेघ सुधारली.

तर्कटी
रेषाकार, हा नियम मला माहीत नव्हता. मडकं समोर ठेवून पडताळून पाहिला. बरोबर आहे.

गणिती
आता ताईंचा दुसरा प्रश्न, 2 सेंटिमीटरचा. तो मागे राहिला होता आणि मला वाटतं तोच जास्त खोल आहे.

कुंडरिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये लोकांना धडाच्या पुतळ्याचा फोटो दाखवला. फोटोवर एक छोटी चकती, तिच्या मधोमध काटा. चकती पृष्ठभागावर टेकलेली वाटेल अशी ती प्रत्येकानं वळवायची. अशा शेकडो ठिकाणांच्या नोंदींवरून त्या माणसाला दिसलेला अख्खा पृष्ठभाग काढता येतो. प्रत्येक जण स्वतःशी बऱ्यापैकी सुसंगत होता. पण दोन माणसांचे पृष्ठभाग ताडून पाहिले तर एकाचा दुसऱ्याच्या मानानं खोलीत ताणलेला निघायचा. उंचवट्यांची जागा तीच, खोली किती ते वेगळं.

पिक्सेल
आणि याला गणिताचा आधार आहे. बेलह्यूमर, क्रीगमन आणि युइल यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी तो मांडला, आणि नावच दिलं "उठावशिल्पाची संदिग्धता". मंद, न चकाकणारा पृष्ठभाग लांबून पाहिला, त्याची खोली दाबून कमी केली आणि त्याच हिशेबानं उजेडाची दिशा व रंगाचा उजळपणा बदलला, तर प्रतिमा तीच राहते. छटा तीच, पडणाऱ्या सावल्यांच्या कडाही त्याच. एकच फोटो देऊन संगणकालाही खोली ठरवता येत नाही. हॉर्न यांनी 1970 मध्ये छटेवरून आकार काढण्याची पद्धत मांडली तेव्हाही उजेड कुठून येतो आणि पृष्ठभाग कशाचा आहे हे आधी माहीत असावं लागायचं.

म्हणजे ताई, तुमच्या चेहऱ्याची खोली 2 सेंटिमीटरमध्ये मावत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यात ती मुळात नेमकी ठरलेलीच नसते. तुम्ही फक्त उतारांचं आपसातलं प्रमाण सांभाळता, आणि उजेड तिरपा ठेवता.

अवकाशवेडा
म्हणूनच पौर्णिमेचा चंद्र थाळीसारखा चपटा दिसतो! ऊन आपल्या पाठीमागून, सरळ समोरून पडतं, विवरांच्या सावल्या गायब. शिवाय चंद्रावरची धूळ अशी आहे की कडेलाही ती उजळच राहते, चेंडूसारखी काळवंडत नाही. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर दुर्बीण लावा, तिथे प्रत्येक विवर उठून दिसतं.

मातीकाम
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री प्रयोग केले, ते लिहिते.

उठावशिल्प टेबलावर उभं केलं आणि खोलीतले दिवे बंद केले. बॅटरी समोरून धरली तर चेहरा पोळपाटासारखा सपाट. बॅटरी वरून, जवळजवळ पृष्ठभागाला घासून धरली, तर गाल भरला, पापणीखाली सावली पडली, कपाळ पुढे आलं. बॅटरी खालून धरली तेव्हा ओठ मला क्षणभर आत गेल्यासारखे वाटले, पण चेहरा मात्र खोल झाला नाही, चेहरा म्हणूनच राहिला. गणिती म्हणाले ती सवय तिथेही आडवी आली असावी.

मग बाजूला सरकत गेले. बऱ्याच तिरप्या कोनापर्यंत सगळं ठीक, आणि मग एकदम नाक जास्तच पुढे आलं. कारण शोधायला पट्टी लावली. माझं नाक प्रमाणापेक्षा उंच होतं. सगळी खोली सारख्या प्रमाणात दाबायची सोडून मी नाकाला जास्त जागा दिली होती, नाक महत्त्वाचं वाटतं म्हणून.

नाक 3 मिलिमीटर उतरवलं. गालाचा उतार त्याला जुळवून घेतला, आणि पापणीच्या कडेला थोडी धार दिली. आता तिरपं पाहिलं तरी टिकतं. पाण्याचा बोळा फिरवून डेंटिंगवाले दादांसारखी ट्यूबलाइटची रेघ चालवली, तर डाव्या गालावर अजून एके ठिकाणी अडखळतेय. उद्या ते काढते आणि परवा साचा घेते.

राजहंस
ताई, साचा निघाला की त्याच्यासमोर एकदा मला उभं राहायचंय. कुठल्या अंतरावर तो आत जातो ते मोजून इथे लिहीन.

मातीकाम
नक्की. पट्टी तयार ठेवते.